पाळण्यातले पाय मोजणारे

आइस हॉकीच्या चाहत्यांसाठी ऑगस्ट हा भाकड महिना. जूनमध्ये कुणीतरी स्टॅन्ले कप डोक्यावर घेऊन नाचलेलं असतं, महिनाअखेरीस ड्राफ्ट होऊन जातो, जुलैच्या सुरुवातीला मोठे करार उरकतात आणि मग ऑक्टोबरपर्यंत बर्फावर काही म्हणजे काही घडत नाही. अशा वेळी याद्या येतात. अमुक टीमचे टॉप २० प्रॉस्पेक्ट्स. विसाव्यापासून सुरू करायचं, रोज एक नाव, शेवटी पहिला नंबर. एनएचएलमध्ये ३२ टीम आहेत. प्रत्येकीच्या नुसत्या टॉप २०ची यादी धरली तरी ६४० मुलं झाली. बहुतेक १८ ते २२ वयाची.

एका नोंदीचा साचा सांगते. 'नंबर ७. बचावपटू, वय १९. स्केटिंग उत्तम, हात बरे, ताकद कमी. सीलिंग: दुसऱ्या जोडीतला खेळाडू. फ्लोअर: खालच्या लीगमध्ये कायमचा मुक्काम. गेल्या वर्षी नंबर ४ होता, भाव घसरलाय.' संपला मुलगा. चार ओळींत छत आणि जमीन दोन्ही ठरली, खाली कॉमेंटमध्ये भांडण सुरू.

मी दोन वर्षं मिशिगनमध्ये शिकायला होते. रूममेट डेट्रॉइट रेड विंग्जची भक्त. तिच्यामुळे हॉकीचा नाद लागला आणि हॉकीबरोबर याद्यांचाही. फोनच्या नोट्समध्ये मी स्वतः अशा याद्या केल्या आहेत, नंबर खालीवर केले आहेत, आयुष्यात कधीही न भेटलेल्या मुलाला 'हा काही वर येत नाही' असं सांगून मोकळी झाले आहे. त्यामुळे हा लेख लांबून दगड मारणाऱ्या बाईचा समजू नका. हातात अजून दगड आहे आणि तो खाली ठेवायचा प्रयत्न चालू आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलाचं भविष्य सांगतो असा आव या याद्या आणतात. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्याच गोष्टी सांगतात: मुलगा कोणत्या महिन्यात जन्मला, टीमने त्याच्यात किती गुंतवलंय आणि आपल्याला किती घाई आहे. बरं, सांगून त्या गप्पही बसत नाहीत. त्या मुलाच्या आयुष्यात हात घालतात.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपल्याकडे म्हणतात. पण ही म्हण आजी कधी वापरते ते आठवून बघा. बाळ मोठं होऊन काहीतरी करून दाखवतं, तेव्हा. मागे वळून, कौतुकाने. पाळण्याशेजारी टेप घेऊन कुठलीच आजी बसत नाही. हॉकीत मात्र पाळण्यांची रांग लावून टेप घेऊन बसलेल्यांचा अख्खा धंदा आहे.

आधी ही 'सिस्टम' समजून घेऊ

ज्यांनी हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दरवर्षी ड्राफ्ट होतो. १५ सप्टेंबरपर्यंत जो १८ वर्षांचा होतो, त्याला त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये निवडता येतं. सध्या सात फेऱ्या असतात, म्हणजे साधारण २२४ मुलं. एकदा तुमचं नाव पुकारलं गेलं की पुढची काही वर्षं तुमच्याशी एनएचएलचा करार करण्याचा हक्क फक्त त्या टीमचा. शहर तुम्ही निवडत नाही. टीमला वाटलं तर ती हा हक्क दुसऱ्या टीमला देऊन टाकते, बदल्यात आणखी कुणी घेते. तुम्हाला ते फोनवर कळतं.

निवड झाली म्हणजे खेळायला मिळालं असंही नाही. मुख्य संघात जागा २३. उरलेली मुलं कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये, अमेरिकन कॉलेजांत, युरोपातल्या क्लबांत किंवा एएचएल नावाच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये वाढत असतात. डेट्रॉइटची एएचएल टीम ग्रँड रॅपिड्सला आहे, टोरोंटोची टोरोंटोतच. त्याखाली ईसीएचएल. एका टीमला एका वेळी जास्तीत जास्त ५० करार ठेवता येतात. या सगळ्या उतरंडीला 'सिस्टम' म्हणतात आणि सिस्टममधल्या मुलांना 'प्रॉस्पेक्ट'.

शब्दाकडे बघा. इंग्रजीत 'प्रॉस्पेक्टर' म्हणजे सोन्याच्या शोधात डोंगर खणणारा माणूस. यादीची बाकीची भाषाही त्याच घरातली: पूल, पाइपलाइन, अ‍ॅसेट, स्टॉक. टीमकडे चांगली तरुण मुलं असली की 'कपाट भरलेलं आहे' म्हणतात. मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे, होतकरू. त्यात होणं आहे. जो अजून होतो आहे तो होतकरू. एकात मुलगा काहीतरी करतोय, दुसऱ्यात मुलाचं काहीतरी केलं जातंय. मला वाटतं सगळं भांडण या दोन शब्दांमधल्या अंतराचं आहे.

१७१ आणि २१०

याद्यावाल्यांची आवडती गोष्ट डेट्रॉइटचीच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

१९९८च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने १७१व्या क्रमांकावर पावेल दात्स्युक नावाच्या रशियन मुलाला घेतलं. त्याआधीच्या दोन ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी २१०व्या क्रमांकावर स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग घेतला. दात्स्युकने २००२ आणि २००८ अशी दोनदा स्टॅन्ले कप जिंकली, बचावात सर्वोत्तम ठरणाऱ्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी तीनदा घेतली आणि २०२४ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. झेटरबर्ग २००८च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे टीमचा कॅप्टन झाला.

ही गोष्ट नेहमी डेट्रॉइटच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. युरोपात फिरणारे त्यांचे स्काउट हाकान अँडरसन यांची नजर किती पारखी, वगैरे. अँडरसन यांची नजर पारखी होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण एक साधा प्रश्न विचारा. दात्स्युक काय होणार हे डेट्रॉइटला माहीत असतं तर त्यांनी १७१व्या नंबरपर्यंत वाट पाहिली असती का? त्या वर्षी त्याच्याआधी त्यांनी दुसरी मुलं घेतली. पुढच्या वर्षी झेटरबर्गच्या आधीही दुसरी घेतली. ज्यांना 'कळलं' असं आपण म्हणतो, त्यांच्या स्वतःच्या यादीतही ही दोघं खालीच होती.

आणखी मजा म्हणजे अँडरसन रशियात गेले होते ते दात्स्युकसाठी नव्हेच. त्यांना दिमित्री कालिनिन हा बचावपटू बघायचा होता. कालिनिन त्या ड्राफ्टमध्ये १८वा गेला. यादीतला मुलगा बघायला गेलेल्या माणसाला समोरच्या टीममध्ये यादीबाहेरचा मुलगा दिसला. यातून मी घेते तो धडा असा: प्रत्यक्ष जाऊन मोकळ्या डोळ्यांनी बघणं कामाला आलं, आधी ठरवलेला क्रम आला नाही.

टॅम्पा बे लाइटनिंगचं २०११ घ्या. पहिल्या फेरीत त्यांनी व्लादिस्लाव नामेस्त्निकोव्ह घेतला, २७वा. दुसऱ्या फेरीत निकिता कुचेरोव्ह, ५८वा. सातव्या फेरीत ओंद्रेय पालात, २०८वा. नामेस्त्निकोव्हने चांगली, लांब कारकीर्द केली. पण कुचेरोव्ह २०१९ साली अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पालात २०२० आणि २०२१ अशा दोन्ही स्टॅन्ले कप विजयांत टीमच्या कण्यासारखा होता. टॅम्पाची सिस्टम त्या काळातल्या सर्वोत्तमपैकी एक, आणि त्यांच्याही घरात क्रम उलटा लागला.

आता कुणीच न घेतलेल्यांकडे बघू. मार्टिन सेंट लुईस. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, कधीच ड्राफ्ट झाला नाही. कॅलगरीने त्याला करार दिला आणि २००० साली सोडून दिलं. तो टॅम्पाला गेला. २००४ साली तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी अंतिम मालिकेत समोर कॅलगरी होती. सहाव्या सामन्यात, कॅलगरीच्याच रिंकवर, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गोल करून त्याने सामना जिंकून दिला आणि टॅम्पाने सातव्यात कप नेला.

'पण सरासरी बघा ना'

इथे याद्यावाल्यांचं उत्तर येतं आणि ते अगदीच फालतू नाही. ते म्हणतात, तुम्ही अपवाद वेचताय. सरासरीने पहिल्या फेरीतली मुलं सातव्या फेरीतल्या मुलांपेक्षा खूप जास्त यशस्वी होतात. पहिल्या नंबरवर गेलेल्यांत मारिओ लेम्यू आहे, ओवेचकिन आहे, क्रॉस्बी आहे, मॅकडेव्हिड आहे. हे सगळे नशिबाने लागलेले मटके आहेत का?

नाहीत. हे मी मान्य करते. काही मुलं १६व्या वर्षीच इतकी वेगळी दिसतात की ते सांगायला स्काउट लागत नाही. यादीचं वरचं टोक खरं असतं. पण त्या खरेपणाच्या जोरावर ती खाली सरकत जाते आणि सातवा व अकरावा यांच्यातला फरकही तेवढ्याच ठामपणे छापते. तिथे फरक नसतो, धुकं असतं. एकाच वर्षी, एकाच फेरीत चुका किती टोकाच्या होऊ शकतात हे बघायचं असेल तर २००३चा ड्राफ्ट बघा. न्यूयॉर्क रेंजर्सनी १२व्या क्रमांकावर ह्यू जेसिमन घेतला, साडेसहा फूट उंच. त्याच्यानंतर त्याच फेरीत डस्टिन ब्राउन, झॅक परिसे, रायन गेट्झलाफ, ब्रेंट बर्न्स, कोरी पेरी गेले. दुसऱ्या फेरीत पॅट्रिस बर्जेरॉन. २०५व्या क्रमांकावर जो पावेल्स्की. जेसिमन एनएचएलमध्ये दोन सामने खेळला.

आणि 'सरासरी'त आणखी एक गोम आहे. वरच्या नंबरच्या मुलाला जास्त संधी मिळतात. त्याला पॉवर प्लेवर उतरवतात, चांगल्या जोडीदारांबरोबर खेळवतात, एक हंगाम वाया गेला तर दुसरा देतात, दुसरा गेला तर दुसरी टीम 'आपण सुधारू याला' म्हणून घेऊन जाते. सातव्या फेरीतल्या मुलाला एक संधी मिळते आणि ती चौथ्या लाइनवर, रात्री सहा मिनिटं. मग पाच वर्षांनी आपण हिशेब मांडतो आणि म्हणतो, बघा, वरचेच यशस्वी झाले.

हा नुसता माझा संशय नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या दोन अभ्यासकांनी १९९५ साली बास्केटबॉलमध्ये, एनबीएच्या खेळाडूंवर, हेच तपासलं. प्रत्यक्ष कामगिरीचा फरक वजा केल्यावरही ड्राफ्टमध्ये वर गेलेल्यांना कोर्टवर जास्त वेळ मिळत होता, त्यांना टीम लवकर सोडत नव्हत्या आणि त्यांची कारकीर्द जास्त लांबत होती. टीमने जिथे पैसा आणि अब्रू लावली, तिथेच ती आणखी लावत गेली. खेळ वेगळा असला तरी माणसं तीच. घोडा महाग घेतला की तो लंगडतोय हे मालकाला सगळ्यात शेवटी दिसतं.

म्हणजे यादी भाकीत करते आणि मग ते खरं ठरवायला मदतही करते. पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असेल तर निकालाचं कौतुक जरा बेताने करावं.

जन्मतारखेचा खेळ

१९८५ साली रॉजर बार्न्स्ली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडल्या, तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचा दुष्काळ. कारण साधं. कॅनडात लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटात जानेवारीचा मुलगा आणि डिसेंबरचा मुलगा एकत्र खेळतात. नवव्या वर्षी ११ महिन्यांचा फरक उंचीतही दिसू शकतो. मोठा दिसणारा निवडला जातो, त्याला चांगला कोच, जास्त सराव, जास्त सामने मिळतात. दहा वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळाडू झालेला असतो, आणि निवडणारे म्हणतात, आम्ही बरोबर ओळखलं होतं.

२०१३ साली रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. १९८० ते २००७ या काळात ड्राफ्ट झालेल्या कॅनेडियन खेळाडूंमध्ये, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना टीम योग्य किमतीला घेत होत्या का? उत्तर आलं, नाही. पुढे त्यांनी जेवढा खेळ दाखवला, त्या मानाने ते फार खाली निवडले गेले होते. याचा अर्थ लहानपणी चाळणीतून कसेबसे वाचलेल्यांनाही १८व्या वर्षी पुन्हा कमी लेखलं गेलं. आणि ते कुणी केलं? पोटापाण्यासाठी हेच काम करणाऱ्या, वर्षभर विमानतळांवर झोपणाऱ्या तज्ज्ञांनी.

तारखेची गंमत उलटीही होते. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी त्याचा २०१५चा ड्राफ्ट हुकला. तो वर्षभर झुरिचला जाऊन मोठ्या माणसांबरोबर खेळला, २०१६ला पहिल्या नंबरवर टोरोंटोला गेला आणि एनएचएलच्या पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल मारले. दोन दिवस आधी जन्मला असता तर तो मॅकडेव्हिडच्याच वर्षी यादीत असता आणि पहिला नंबर त्याला मिळणं फार अवघड होतं. मुलगा तोच, हात तेच, यादी वेगळी.

पण कोणत्या यादीत नावापुढे जन्माचा महिना ठळक लिहिलेला पाहिलात? वजन असतं, उंची असते, 'कॉम्पिट लेव्हल' असते. महिना शोधावा लागतो.

यादी तो मुलगाही वाचतो

इथपर्यंत मी आकड्यांशी भांडले, कारण ते सोपं असतं. खरा मुद्दा माणसांचा आहे.

कॅनडाच्या ज्युनिअर लीगसाठी मुलांची निवड १५ वर्षांच्या आसपास होते. मग मुलगा घर सोडून, कधीकधी हजार किलोमीटर लांब, अनोळखी कुटुंबात राहायला जातो. बसने प्रवास करतो, शाळा करतो, हंगामात साठ-सत्तर सामने खेळतो. टीम तिकिटं विकते आणि मुलाला वर्षानुवर्षं पगार न देता खर्चापुरता भत्ता देत आली. किमान वेतन मिळावं म्हणून २०१४ साली या लीगवर दावा दाखल झाला. त्यानंतर २०१८ साली ओंटारियोच्या सरकारने ज्युनिअर हॉकीपटूंना कामगार कायद्याच्या संरक्षणातूनच वगळलं. कामगार म्हणून त्याची किंमत शून्य. पण अ‍ॅसेट म्हणून तो नंबर ७, आणि त्यावर जाहिराती चालतात.

अशा मुलाची ताकद किती असते? त्याचं पुढचं सगळं दुसऱ्यांच्या मतावर अवलंबून. कोच काय म्हणतो, स्काउट काय लिहितो, मॅनेजरला तो 'अवघड' वाटतो का. असं मत ज्याच्या हातात आहे, तो त्या मुलाचं काहीही करू शकतो.

हे मी वाढवून सांगत नाही. काइल बीच हा २००८च्या ड्राफ्टमध्ये शिकागोने ११व्या क्रमांकावर निवडलेला मुलगा. २०१०च्या प्लेऑफमध्ये खालच्या लीगमधून राखीव म्हणून बोलावलेल्यांत तो होता, वय २०. टीमच्या व्हिडिओ कोचने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला आणि करिअर संपवण्याची धमकी दिली, असं त्याने सांगितलं. टीमच्या वरिष्ठांपर्यंत तक्रार मे महिन्यातच पोचली होती. २०२१ साली बाहेर आलेल्या चौकशी अहवालानुसार पुढचे तीन आठवडे त्यांनी काहीही केलं नाही. टीम त्या वेळी स्टॅन्ले कपच्या मागे होती. कप मिळाला. त्या कोचने मिरवणुकीत भाग घेतला, त्याचं नाव कपावर कोरलं गेलं. पुढे दुसऱ्या ठिकाणी एका अल्पवयीन मुलाशी केलेल्या गुन्ह्यासाठी त्याला शिक्षा झाली. अकरा वर्षांनी बीचने नाव उघड करून सगळं सांगितलं, लीगने टीमला २० लाख डॉलरचा दंड केला आणि मग कुठे कपावरचं ते नाव खोडलं गेलं. बीच एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

याद्यांमुळे हे घडलं असं मी म्हणत नाही. तो आरोप खोटा ठरेल. पण मधल्या त्या वर्षांत शिकागोच्या प्रॉस्पेक्ट्सबद्दल बोलताना त्याचं नाव कसं येत होतं? पहिल्या फेरीतला मुलगा, अजून वर येत नाही, निराशा. चार ओळी. आकडे बरोबर होते. माणसाबद्दल त्या चार ओळींना काडीचीही माहिती नव्हती, आणि तरी त्या त्याच्याबद्दल निकाल देत होत्या. ज्या मुलाचा भाव घसरला, त्याच्या आयुष्यात काय चाललंय हे यादी करणाऱ्याला माहीत नसतं. आजारपण असेल, घरची भांडणं असतील, कुणाला सांगता न येणारं काही असेल. माहीत नसणं हा गुन्हा नाही. माहीत नसताना छत आणि जमीन ठरवणं हा उद्धटपणा आहे.

जेसिमनकडेही परत येते. त्याला आजही त्या ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा 'बस्ट' म्हणतात. हा माणूस दुखापतीतून उठून पुढे दहाहून अधिक वर्षं व्यावसायिक हॉकी खेळला, अमेरिकेत आणि युरोपात. जगात किती जणांना हे जमतं? त्याचा दोष एवढाच की कुणीतरी त्याच्यापुढे १२ हा आकडा लिहिला. आकडा चुकला रेंजर्सचा, आयुष्यभर डाग लागला त्याला.

हे सगळं कुणासाठी?

आपल्यासाठी, चाहत्यांसाठी. आपली टीम हरत असते, तेव्हा यादी हा उतारा असतो. आज काही नाही, पण कपाट बघा किती भरलंय. एडमंटन ऑयलर्सना २०१०, २०११ आणि २०१२ असे सलग तीन वर्षं ड्राफ्टमधला पहिला नंबर मिळाला. यादी अशी की बाकीच्यांनी जळावं. आणि ही टीम २००७ ते २०१६ सलग दहा वर्षं प्लेऑफपर्यंत पोचली नाही. २०१२चा पहिला नंबर नाइल याकुपोव्ह पाच-सहा वर्षांत लीगमधून बाहेर. बफेलो सेबर्स २०११-१२ ते २०२४-२५ असे सलग १४ हंगाम प्लेऑफबाहेर राहिले. त्या काळात त्यांना दोनदा पहिला नंबर मिळाला, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या तरुण मुलांचं कौतुक झालं. जितकी टीम वाईट तितकी यादी देखणी. मालकांना हे परवडतं. नापास झालेल्या दुकानदाराने पुढच्या वर्षीचा माल दाखवून याही वर्षीचं तिकीट विकावं, तसं.

आणि दात्स्युक, झेटरबर्ग निवड झाल्यानंतर कुठे होते? एक रशियात, एक स्वीडनमध्ये, आपापल्या क्लबात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या लोकांत. दात्स्युक एनएचएलमध्ये आला २३व्या वर्षी, झेटरबर्ग २२व्या. त्यांच्याकडून कुणालाच काही नको होतं, त्यामुळे त्यांना कुणी घाई केली नाही. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे मला कळतं. पण १७१ आणि २१० या आकड्यांनी त्या दोघांना जे दिलं ते नंबर ७ला कधीच मिळत नाही. वेळ.

मग करायचं काय?

याद्या बंद करा असं मी म्हणणार नाही. कुणी ऐकणार नाही, आणि ऑगस्टमध्ये मीही त्या उघडेन. पण करायच्याच असतील तर काही साध्या अटी घालता येतील.

एक, नवी यादी छापताना शेजारी स्वतःची पाच वर्षांपूर्वीची यादी छापा, नंबर न बदलता. दोन, १ ते २० असे नंबर न देता तीन-चार गट करा आणि गटाच्या आत नावं बाराखडीने लावा. तुम्हाला सातवा आणि अकरावा यांत फरक दिसत नाही, तर तो दाखवू नका. तीन, नावाशेजारी जन्माचा महिना आणि गेल्या हंगामात त्याला प्रत्यक्ष बर्फावर मिळालेला वेळ लिहा. चार, १८ पूर्ण न झालेल्या मुलांना नंबर देणं थांबवा. आणि पाच, ज्या मुलाला तुम्ही एकदाही प्रत्यक्ष खेळताना पाहिलं नाही, त्याचं 'सीलिंग' सांगू नका. अँडरसन निदान विमानात बसून रशियाला गेले होते.

हे लिहायच्या आधी मी फोनमधली माझी जुनी नोट उघडली. डेट्रॉइटचे टॉप १५, माझ्या अकलेप्रमाणे. वरच्या पाचांतल्या एकापुढे लिहिलं होतं, 'नक्की'. तो कुठे आहे ते शोधलं. युरोपातल्या एका क्लबात खेळतोय, गेल्या हंगामात त्याने बऱ्यापैकी गोल केलेत. फोटोत हसतोय. माझ्या 'नक्की'चं त्याला काही सोयरसुतक नाही, आणि ते बरंच आहे. तळातल्या एका नावापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं, नुसती रेघ. तो एनएचएलमध्ये आहे.

नोट पुसणार होते, पुसली नाही. या ऑगस्टमध्ये नवी यादी समोर आली की आधी ती उघडायची आणि मग पुढचं वाचायचं, असं ठरवलंय. तुमच्याकडे अशी जुनी यादी असेल, कुठल्याही खेळाची, तर तुम्हीही एकदा उघडून बघा.